लोकल द्यायचंय? आधी एमजी मोजा, मग सिरिंज भरा

कॅज्युअल्टीत टाके घालायला बसलं की सिस्टर ट्रेमध्ये २% लिग्नोकेनची (जागा बधिर करायचं औषध, म्हणजे लोकल ॲनेस्थेटिक) ३० एमएलची बाटली ठेवतात आणि नवीन इंटर्नचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती एमएल देऊ?" घोळ इथेच होतो, कारण डोस एमएलमध्ये नसतो, एमजीमध्ये असतो.

हिशोब सोपा आहे. टक्क्याला १० ने गुणायचं की १ एमएलमधले एमजी मिळतात. २% म्हणजे २०, १% म्हणजे १०, ०.५% बुपिवाकेन (बधिर करायचं दुसरं औषध) म्हणजे ५. आता जास्तीत जास्त किती द्यायचं, तर साधं लिग्नोकेन किलोला ३ एमजी (काही पुस्तकांत साडेचार दिलंय, मी तीनच धरतो), ॲड्रेनॅलिनवालं किलोला ७, बुपिवाकेन किलोला २. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधं २% फक्त ९ एमएल चालतं, आणि त्या एका बाटलीत असतं ६०० एमजी! दोन औषधं एकत्र वापरली तर प्रत्येकाची पूर्ण लिमिट वेगळी मिळत नाही हं, त्रास दोघांचा मिळूनच होतो.

लहान मुलांत तर फारच जपून. १० किलोचं पोर, पाटाचा कोपरा लागून कपाळ फुटलंय, त्याची लिमिट ३० एमजी, म्हणजे २% चं दीड एमएल, संपलं. मोठी जखम असेल तर तेवढंच नॉर्मल सलाईन घालून १% करून घ्या, एमजी तेवढेच राहतात आणि हातात ३ एमएल येतात. नुसते टाके घालायला १% व्यवस्थित पुरतं, २% चा हट्ट का करतात लोक मला अजून कळलेलं नाही.

आता गळूची गोष्ट. इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात एका काकांच्या पाठीवरचं गळू फोडायचं होतं, मी मस्त बरोबर मधोमध लिग्नोकेन भरलं, दोन मिनिटं थांबलो आणि ब्लेड लावलं तर काका असे ओरडले की बाहेर बसलेली अख्खी लाईन उभी राहिली. झालं काय की हे औषध दोन रूपांत असतं, चार्ज असलेलं आणि नसलेलं. नर्व्हच्या आवरणातून आत शिरतं ते चार्ज नसलेलं, आत गेल्यावर त्याला चार्ज येतो आणि मग ते सोडियम चॅनल (नर्व्हचा सिग्नल ज्या दारांमुळे पुढे जातो ती) आतल्या बाजूने बंद करतं. लिग्नोकेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध चार्ज नसलेलं असतं तो आकडा) ७.९ च्या आसपास, त्यामुळे ७.४ पीएचला जेमतेम पाव भागच आत शिरण्यालायक असतो, आणि पू झालेली जागा ॲसिडिक, तिथे तो पाव भागही घटतो. म्हणून गळूच्या आत नाही, भोवतीच्या चांगल्या कातडीत गोल फिरवून द्यायचं.

टोचताना जी आग होते तीही बरीचशी ॲसिडचीच, बाटलीतलं औषधच ॲसिडिक असतं, ॲड्रेनॅलिनवालं तर जास्तच. ते ॲसिड मारायला ९ एमएल लिग्नोकेनमध्ये १ एमएल ८.४% सोडाबायकार्ब टाका, बारीक सुई घ्या, जखम स्वच्छ असेल तर कातडीतून न टोचता जखमेच्या कडेतून आत शिरा, आणि हळू ढकला. बायकार्ब बुपिवाकेनमध्ये मात्र टाकू नका, साका धरतो. प्रत्येक वेळी सुई हलवली की ढकलायच्या आधी प्लंजर मागे ओढून रक्त येतंय का बघा.

पेशंट "कळतंय हो डॉक्टर" म्हणाला तर लगेच अजून ५ एमएल भरू नका. दुखणं आणि गरम-गार आधी जातं, स्पर्श आणि दाब उशिरा जातो किंवा जातच नाही. आधीच सांगून ठेवा, "ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही", आणि फोर्सेपने चिमटा काढून विचारा, टोचतंय की नुसतं दाबतंय. निम्म्या वेळा उत्तर दाबतंय असंच येतं.

ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून औषध जागेवर जास्त टिकतं आणि रक्तात हळू जातं, लिमिट वाढते ती त्यामुळेच. बोटाच्या टोकाला ते हल्ली बरेच सर्जन बिनधास्त वापरतात, पण तुम्ही सीनियरला विचारल्याशिवाय नको. "मला दातांच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे" म्हणणारा पेशंट आला तर नेमकं काय झालं होतं ते विचारा, पुष्कळदा नुसती धडधड झालेली असते आणि ती ॲड्रेनॅलिनची असते. अंगावर गांधी, श्वास लागणं असं काही सांगितलं तर मात्र थांबा.

डोस जास्त झाला किंवा थेट रक्तात गेला तर पेशंट आधी ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण असं काहीतरी बोलतो, किंवा उगाच बडबडायला लागतो. मग झटके, मग हार्ट. बुपिवाकेनमध्ये तर कधीकधी मधलं काही न होता थेट हार्टच. इंजेक्शन थांबवा, आरडाओरडा करून माणसं जमवा, एअरवे आणि १००% ऑक्सिजन, झटक्यांना मिडाझोलम, आणि २०% लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण): किलोला दीड एमएल मिनिटाभरात, पुढे किलोला ०.२५ एमएल दर मिनिटाला. ६० किलोला पहिला बोलस (एकदम द्यायचा डोस) ९० एमएल. हार्ट बंद पडून अरेस्ट झाला तर सीपीआर सोडू नका, ॲड्रेनॅलिन छोट्या डोसमध्ये, किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत.

ती लिपिडची बाटली आपल्याकडे ओटीत असते की आयसीयूत, आणि रात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आजच सिस्टरना विचारून ठेवा.