लहान मुलाच्या मागून चालत विस्मय कसा शिकावा

गेल्या जुलैत पावसाची मोठी सर ओसरल्यावर माहीमच्या आमच्या इमारतीच्या कुंपणभिंतीवरून एक गोगलगाय चालली होती आणि माझी साडेतीन वर्षांची नात तिच्यासमोर उकिडवी बसली होती. मी पिशवी घेऊन बाजाराला निघाले होते. "गोगलगाय आहे ती, चल आता," असे मी म्हणाले आणि माझ्यापुरता तो विषय संपला. नातीचे पाहणे मात्र तेव्हा कुठे सुरू होत होते. "आजी, शिंगांच्या टोकाला काळं काय आहे?" असे तिने विचारले. जन्मभर गोगलगायी पाहूनही मी ते ठिपके कधी पाहिले नव्हते. ते तिचे डोळे. नातीने हळूच फुंकर घातली तशी शिंगे आत गेली, क्षणभराने एक बाहेर आले, मग दुसरे, आणि मागे ओल्या सिमेंटवर चांदीसारखी रेघ उमटत राहिली. वीस मिनिटांनी मी उठले तेव्हा लक्षात आले की, रोज जपाला बसून जे मन महत्प्रयासाने गोळा करावे लागते, ते त्या भिंतीपाशी आपोआप एका जागी बसले होते.

आपल्या काव्य-नाट्याच्या रसशास्त्राने विस्मयाला अद्भुत रसाचा स्थायी भाव मानले आहे. स्थायी म्हणजे मुळातच आत असलेला. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण त्याचा अर्थ असा की विस्मय बाहेरून आणायचा नसतो, त्याच्यावर साचलेले बाजूला करायचे असते, आणि नेमके काय साचले आहे हे लहान मूल सोबत असले की चटकन दिसते.

सर्वप्रथम, पुढे कोणी चालायचे ते ठरवावे. मूल पुढे, आपण मागे. कुठे पोहोचायचे हे ठरवू नये आणि दोन कामांच्या मधल्या वेळात हा फेरफटका कोंबू नये. शंभर पावलांना अर्धा तास लागेल असे धरून घरातून निघावे. मूल थांबले की थांबावे, आणि गुडघे परवानगी देत असतील तर त्याच्या उंचीला खाली बसावे, कारण मुंग्यांची रांग उभ्याने दिसते ती वेगळी आणि बसून दिसते ती वेगळी. फोन पिशवीतच ठेवावा.

त्यानंतरची गोष्ट मला स्वतःला सर्वांत कठीण गेली: नाव सांगण्याची घाई आवरणे. नाव सांगितले की आपल्याला ती वस्तू कळली असे वाटते आणि नजर तिथून उठते. मुलाने विचारले तर खरे उत्तर अवश्य द्यावे, परंतु थोडक्यात, आणि शक्य असेल तिथे उत्तराऐवजी पुन्हा पाहण्याची वेळ ठरवावी. "झाडं रात्री झोपतात का?" असे नातीने विचारले तेव्हा मी तिला दिवेलागणीला रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाखाली घेऊन गेले. मुंबईच्या कित्येक रस्त्यांवर सावली धरणारे हे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. संध्याकाळ झाली की त्याची पाने मिटतात. दुपारी घट्ट असलेल्या छत्रातून तिन्हीसांजेला आभाळ दिसू लागते. आम्ही दोघी मान वर करून उभ्या होतो आणि त्या रस्त्याने इतकी वर्षे जाऊनही मी हे तिच्याइतक्याच नवलाने प्रथमच पाहत होते.

मोठ्याने "अय्या, कित्ती छान!" म्हणू नये. मुलाला खोटा उत्साह लगेच कळतो, आणि मग ते गोगलगायीकडे पाहायचे सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते. त्याचप्रमाणे "हे सगळं देवानं केलं" हे वाक्यही उतावीळपणे पुढे करू नये. मी श्रद्धाळू आहे आणि नातीने विचारले तर माझी श्रद्धा तिच्यापासून लपवत नाही. पण नीट पाहण्याआधीच दिलेले ते उत्तर पाहणे तिथेच थांबवते, आणि दर्शन या शब्दाचा मूळ अर्थ तर पाहणे हाच आहे.

यासाठी दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभर चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आहे, परंतु तीन वर्षांच्या मुलाला दारापासूनची पन्नास पावले पुरतात. समुद्राकडे जायचे असेल तर मात्र तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे दिवस असतात आणि मुंबईत तेव्हा सकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी खूप आत ओसरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, खडक एवढे उघडे पडत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने खडकांवर मुलाला नेऊ नये. एरवी ओहोटी लागलेली असतानाच जावे, पाणी फिरण्याआधी परतावे आणि मुलाचा हात सोडू नये. हाजीअलीच्या किंवा वांद्र्याच्या खडकांमधल्या डबक्याशी पाच मिनिटे स्तब्ध बसले की मेला समजलेला एखादा शंख चालू लागतो. आत खेकडा असतो. त्याच्या पोटाचा मागचा भाग मऊ असल्यामुळे तो गोगलगायीचा रिकामा शंख पांघरतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. म्हणून रिकामे शंखही घरी आणू नयेत. नातीला हे सांगितल्यावर तिने मुठीतला शंख स्वतःहून वाळूवर ठेवला आणि त्याचे तोंड पाण्याकडे वळवले.

मूल "पुरे" म्हणाले की उठावे, आपले मन भरले नसले तरीही. रात्री देवापाशी दिवा लावल्यावर दिवसभरातली एकच गोष्ट डोळे मिटून पुन्हा पाहावी: तिचा रंग, तिची हालचाल, मुलाचा त्या वेळचा चेहरा. आठवताना जिथे रिकामे राहते तिथे आपण पाहिलेच नव्हते असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत जावे.

मूल जवळ नसेल त्या दिवसांसाठी रोजच्या वाटेवरची एकच जागा धरावी आणि तिथे दहा मिनिटे थांबावे. सुरुवातीला मनात कामांची यादी चालूच राहते, तिच्याशी भांडू नये. मी पदपथावरचे एक ताम्हणाचे झाड धरले आहे. एप्रिलमध्ये त्याला कळ्या धरल्या की दूध आणायला जाताना मी त्याच्यापाशी उभी राहते, आणि नात येते त्या रविवारी काहीही न सांगता तिला त्याच वाटेने नेते.