लॅपटॉप हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी एक वही घ्या

'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीवर माझा लॅपटॉप हँग झाला. माऊस हलेना, कॅप्स लॉकचा दिवा लागेना, आणि पत्रिका संध्याकाळी छापायला द्यायची होती.

कराडात माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मार्च सरला की एखाद्या पतसंस्थेचा अहवाल. लॅपटॉप सेकंडहँड, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम मीच टाकलेली, पत्रिका इंकस्केप या चित्रं आखायच्या प्रोग्रॅममध्ये करते. ऐन लग्नसराईत तीन आठवड्यांत तो अकरा वेळा आडवा झाला. भाचा म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मारून टाक ना." मी नाही मारला. फॉरमॅटने बिघाड गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि मूळ हार्डवेअरमध्ये असेल तर तो जातच नाही. वर सगळे फॉन्ट पुन्हा बसवण्यात दिवस जातो तो वेगळाच.

मी आधी वही घेतली. दर वेळी एक ओळ: तारीख, वेळ, काय उघडं होतं, चार्जर लावलेला होता का, बाहेरचा मॉनिटर जोडलेला होता का, झाकण नुकतंच उघडलं होतं का, आणि नेमकं काय झालं: चित्र थिजलं, स्क्रीन काळी झाली, की मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. आठवडाभराने वाचलं तेव्हा दिसलं की हे दोन वेगळे आजार आहेत. एकात स्क्रीनच्या खालच्या भागात पट्टा नाचायचा, तोही मजकूर वाचत शांत बसलं आणि मग माऊस हलवला की. आणि फक्त लॅपटॉपच्या स्क्रीनवर, बाहेरच्या मॉनिटरवर कधीच नाही. दुसऱ्यात फोटोंची जड फाईल उघडी असताना कधी ब्राउझर गळायचा, कधी इंकस्केप, कधी सगळंच थिजायचं. मी दोन्हींना एकच समजून रोज नवा उपाय करत होते, म्हणून काहीच लागू पडत नव्हतं.

आता हँग झाल्या क्षणी काय करायचं ते. (आज्ञा मी बोलते तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, अक्षरं नि आकडे रोमनच लागतात. फाईल-फोल्डरच्या पत्त्यात प्रत्येक शब्दाआधी तिरपी रेघ असते.)

पॉवरचं बटण लगेच दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, अडकलंय ते वरचं काहीतरी. दिवा आपला आपणच लुकलुकत असेल तर बहुधा कर्नल पॅनिक, म्हणजे गाभाच कोसळला. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून काळी लॉगिन स्क्रीन येते का पाहा. माझी आवडती परीक्षा मात्र मोबाईलची. लॅपटॉपवर ओपनएसएसएच सर्व्हर आधीच टाकून ठेवायचा आणि मोबाईलवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप. स्क्रीन थिजली की मोबाईलवरून एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून लॅपटॉपमध्ये लॉगिन करून, पाहायचं. आत शिरता आलं तर मशीन शाबूत आहे, ग्राफिक्सने मान टाकली आहे. तिथेच 'सुडो डीमेसेज' (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) चालवून शेवटच्या ओळी वाचून घ्या.

यातलं काहीच चाललं नाही तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून, दोन-तीन सेकंद थांबत आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं एकेक दाबा. एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतं, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतं, बी रीस्टार्ट करतं. काही लॅपटॉपवर एफएनही धरावं लागतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात या सोयीचं (तिला सिसआरक्यू म्हणतात) मूल्य १७६ ठेवलेलं असतं, त्यामुळे तिथे एस, यू आणि बी एवढीच तीन चालतात. फाईल वाचवायला तेवढी पुरतात.

पुन्हा सुरू झाल्यावर पहिली आज्ञा: 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई'. उणे एक म्हणजे मागच्या वेळचं बूट, म्हणजे जे कोसळलं ते. ई थेट शेवटच्या ओळींवर नेतो. मागचं बूट सापडत नाही असं उत्तर आलं तर 'व्हार लॉग जर्नल' हा फोल्डर नाही असं समजा. तो बनवून मशीन रीस्टार्ट करा, म्हणजे पुढची नोंद टिकेल.

त्या नोंदीत काय शोधायचं? 'जीपीयू हँग' किंवा एएमडीच्या मशीनवर 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' दिसलं तर ग्राफिक्स. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर 'एक्सआयडी' आणि पुढे आकडा येतो. ७९ असेल तर कार्ड बसवरून गायब झालंय, म्हणजे वीज, उष्णता किंवा कार्डच. 'आउट ऑफ मेमरी' असेल तर रॅम पुरली नाही, बिघाड नाही. उबुंटू २२.०४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी नावाचा एक पहारेकरीही असतो, तो रॅम भरली की ब्राउझर मुकाट्याने बंद करतो. त्याला क्रॅश समजू नका. 'हार्डवेअर एरर' असे शब्द 'एमसीई'बरोबर (प्रोसेसरने स्वतः कळवलेली चूक) आले तर सॉफ्टवेअरमागे लागणं थांबवा. आणि नोंद काही न सांगता मध्येच तुटली असेल, तर तेही उत्तरच आहे: मशीनला लिहायलाही सवड मिळाली नाही. माझ्या दुसऱ्या आजारात असंच होत होतं.

तापमान 'सेन्सर्स'ने आणि डिस्क 'स्मार्टसीटीएल -ए'ने पाहून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी डिस्कला 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्य हवेत. माझं दोन्ही ठीक निघालं.

आधी पट्ट्याचं निस्तरलं. चित्र स्थिर असलं की ग्राफिक्स चिप झोपते आणि स्क्रीन स्वतःच्या छोट्या मेमरीतून तेच चित्र दाखवत राहते, बॅटरी वाचावी म्हणून. याला पॅनेल सेल्फ रिफ्रेश (पीएसआर) म्हणतात. काही स्क्रीन आणि ड्रायव्हर यांचं यावरून जमत नाही, आणि जागं होताना चित्र हलतं. शांत बसल्यावरच पट्टा नाचतो हे वहीत होतं, म्हणून संशय इथे गेला. बाहेरच्या मॉनिटरवर तो दिसत नव्हता याचाही उलगडा झाला.

कायमचा बदल करायच्या आधी एका बूटपुरती चाचणी घ्या. सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आणा, ई दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून 'आय९१५ डॉट इनेबल अंडरस्कोर पीएसआर बरोबर ०' लिहा आणि एफ१० दाबा. चिन्हांच्या जागी चिन्हंच टाका. हे इंटेल ग्राफिक्सच्या आय९१५ ड्रायव्हरसाठी. एएमडीला हा शब्द चालत नाही. चुकलं तरी पुढच्या बूटला सगळं पूर्ववत. माझा पट्टा त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तोच शब्द 'ईटीसी डीफॉल्ट ग्रब' फाईलमध्ये कमांडलाइन डीफॉल्टच्या अवतरणांत घातला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं. 'नोमोडसेट' लिहा असा सल्लाही सर्रास मिळतो. तो फक्त मशीन उघडेपर्यंत ठीक. कायम ठेवला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नीट चालत नाही, आणि आजार बरा झाल्याचा भास होतो.

पट्टा गेला, हँग राहिलंच. दर वेळी वेगळा प्रोग्रॅम गळतो, नोंद तुटते, जड फाईल असतानाच होतं: हे ऐकल्यावर रॅम तपासायलाच हवी. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका; ६.०० आवृत्तीपासून तो यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली सोय) असलेल्या मशीनवरही चालतो. सिक्युअर बूटमुळे (फक्त मान्यताप्राप्त प्रोग्रॅमच सुरू होऊ देणारी सोय) सुरू झाला नाही तर बायोसमध्ये ते तेवढ्यापुरतं बंद करा. आणि रात्रभर चालू द्या. माझी पहिली फेरी स्वच्छ गेली. तिथेच थांबले असते तर फसले असते. सकाळी उठून पाहते तो दुसऱ्या फेरीपासून स्क्रीन लाल. एक चूक जरी आली तरी ती रॅम वापरायची नाही, इथे पास-नापासच्या मधला निकाल नसतो.

माझ्याकडे रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, एक मूळची, एक विकणाऱ्याने वाढवून दिलेली. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, आतल्या बॅटरीची वायर सोडवून एकेक पट्टी एकटी तपासली. मग सदोष पट्टी दुसऱ्या खाचेतही घालून पाहिली, कारण दोष खाचेचाही असू शकतो. चूक पट्टीबरोबर गेली. लाल स्क्रीनचा फोटो दाखवल्यावर पट्टी बदलून मिळाली, आणि नव्या पट्टीलाही एक रात्र मेमटेस्टखाली ठेवलंच.

पीएसआर बंद असल्याने बॅटरी थोडी लवकर उतरते. म्हणून मोठं कर्नल अपडेट आलं की ग्रबमध्ये ई दाबून तो शब्द एका बूटपुरता खोडून बघते. मागच्या वेळी खोडला, पत्रिका उघडली, आणि गणपतीचं चित्र न्याहाळत बसले. दहा मिनिटांत पट्टा नाचला. शब्द अजून जागेवर आहे.