निकालाच्या आकड्यांतील या चुका टाळा

महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे काम गळ्यात पडलेला नवा समन्वयक सर्वांत आधी निकालाच्या टक्केवारीला हात घालतो आणि पहिली चूक तिथेच करतो. अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, एवढेच महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे सूत्र विचारते. तो आकडा खरा असतो, पण प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले हे त्यातून कळत नाही. एका महाविद्यालयाने ५४ पैकी ५० उत्तीर्ण म्हणून ९२.५९ टक्के दाखवले आणि शिवाय वर्णनात ‘प्रवेश घेतलेले बहुतेक विद्यार्थी पदवीधर होतात’ असे वाक्य घातले. भेटीला आलेल्या नॅकच्या समितीतील एका सरांनी प्रवेश नोंदवही मागवली आणि बोट ठेवून त्याच तुकडीचे प्रथम वर्षाचे प्रवेश मोजले. ते निघाले १२०. उरलेले ६६ कुठे गेले, असे विचारल्यावर प्राचार्यांनी चहा मागवला. कोणी दाखला नेला होता, कोणी विषय राहून एटीकेटीत अडकले होते, काही मुलींची लग्ने झाली होती. मात्र यातले काहीच कुठे नोंदलेले नव्हते. तो अहवाल आधी मी वाचला होता आणि ते वाक्य माझ्याही नजरेतून सुटले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक तुकडीची वेगळी वही ठेवतो, पहिल्या पानावर प्रवेशसंख्या शाईने लिहितो आणि गळालेल्या प्रत्येक नावापुढे कारण नोंदवतो. एक्सेलमध्ये हे लवकर होते, असे तरुण सहकारी सांगतात. टक्केवारीचा छेदही, म्हणजे ज्या संख्येने भागायचे तीही, तिथे तितक्याच लवकर बदलते.

मुदतीच्या आकड्यातही अशीच चलाखी चालते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लागायला हवा. २०१७ मध्ये संगणकावरील उत्तरपत्रिका तपासणीमुळे मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, तेव्हा ही तरतूद सर्वांच्या तोंडी झाली. तरीही राखून ठेवलेले निकाल ‘जाहीर’ या रकान्यात घालून मुदत पाळल्याचे दाखवले जाते. मी शेवटच्या पेपरपासून राखून ठेवलेला शेवटचा निकाल सुटेपर्यंतचे दिवस मोजतो.

विद्यार्थिसंख्या शैक्षणिक वर्षाची आणि खर्च ३१ मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षाचा असतो, हे दरडोई खर्च काढण्यापूर्वी आठवावे. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीला आणि नॅकला कळवलेली अध्यापकसंख्या एकमेकींशी ताडून पाहावी.

अहवालाला जोडायची कार्यक्रमाची छायाचित्रे त्याच दिवशी जमा करावीत. फलक बदलून एकाच दुपारी काढलेले पाच ‘वार्षिक’ कार्यक्रम मी परत पाठवले आहेत. पाचही छायाचित्रांत मागच्या दिनदर्शिकेवर एकच महिना होता.