घरी गाडीचा वॉटर पंप बदलताय? या चुका टाळा

इंजिनमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवणारा नवा वॉटर पंप बसवला आणि महिन्याभरात पुन्हा गळायला लागला, की सगळा दोष पंपाच्या माथी मारला जातो. पण असा पंप काढून, नीट पुसून हातात घेतला की अनेकदा वेगळंच दिसतं. पंप धडधाकट असतो. पंप जिथे टेकतो ती इंजिनवरची बैठक नीट साफ झालेली नसते, जुन्या कूलंटातला गंज तसाच राहिलेला असतो किंवा आत हवा अडकलेली असते. पंप बदलणं म्हणजे काही बोल्ट काढायचे आणि लावायचे, एवढंच असतं तर बरं झालं असतं. खरं काम त्या बोल्टांच्या आधीचं आणि नंतरचं आहे.

सगळ्यात आधी पंपच गेलाय ना, याची खात्री करा. पाणी वरून खाली येतं, त्यामुळे वरचा होज पाइप किंवा थर्मोस्टॅटचं (कूलंट तापलं की उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) झाकण गळत असलं तरी थेंब पंपाच्या टोकावरून पडताना दिसतो. तो भाग धुऊन कोरडा करा, इंजिन चालवून पाहा आणि टॉर्च घेऊन ओल सुरू कुठून होते ते शोधा. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं: आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाभोवती सुकलेला जुना डाग दिसला तर लगेच घाबरू नका, पण तिथून थेंब थेंब गळत असेल तर पंपाचे दिवस भरले. ते भोक एपॉक्सी लावून बुजवणं म्हणजे गळतीचं पाणी बेअरिंगमध्ये ढकलणं.

आवाज येत असेल तर बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा. पंपाची पुली धरून वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला किंवा खरखर लागली तर बेअरिंग गेलं. कित्येकदा खरखर शेजारच्या आयडलर पुलीची (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या पुलीची) निघते आणि पंपाला हातही लावावा लागत नाही. गळती नाही पण गाडी तापते, असं असेल तर आधी थर्मोस्टॅट, फॅन आणि रेडिएटर कॅप तपासा. पंपाचा आतला पंखा गंजून झिजला किंवा शाफ्टवर सैल झाला तरीही गाडी तापते, हे मात्र लक्षात असू द्या. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील आणि ऑइल दुधाळ झालं असेल, तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर) घ्यायचा. तिथे पंप बदलून काहीच साधणार नाही.

पंप कशावर फिरतो, हे आधी पाहा

बाहेरच्या बेल्टवर फिरणारा पंप घरी बदलता येतो. टायमिंग बेल्टवर (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या आतल्या बेल्टवर) फिरणारा असेल तर दोनदा विचार करा. बऱ्याच इंजिनांत टायमिंग थोडं जास्त चुकलं तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि पंपाचं काम हेडच्या कामावर जातं. लॉक करायची हत्यारं आणि त्या इंजिनचं मॅन्युअल हाताशी नसेल, तर हे काम जाणकाराकडे द्या. स्वतः करणारच असाल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि आयडलर पंपासोबतच बदला. बसवून झाल्यावर क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि टायमिंगच्या खुणा परत जुळतात का पाहा. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा.

गरम इंजिनची कॅप उघडू नका. कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाबाखाली असतं आणि तेवढ्या दाबात साधं पाणीसुद्धा जवळपास 120 अंश सेल्सिअसला उकळतं. कॅप उघडताच दाब जातो, 110 अंशांवर शांत दिसणारं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि अंगावर येतं. वरचा होज पाइप मुठीत धरून निवांत दाबता आला, की मगच कॅपला हात लावा. बॅटरीची निगेटिव्ह तारही काढा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन सुरू होतो. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं, त्यामुळे सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांच्या आणि लहान मुलांच्या वाटेत राहू देऊ नका. काढलेलं गटारात न ओतता बंद कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं कूलंट घेणाऱ्या ठिकाणी द्या.

काढताना होणाऱ्या चुका

पुलीचे बोल्ट बेल्ट उतरवण्याआधीच ढिले करा. बेल्ट ताणलेला असतो तोवर तोच पुली धरून ठेवतो. नंतर पुली हाताबरोबर फिरत राहते.

बोल्टांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढा आणि बोल्ट निघेल तसा त्याच्या जागी खोचत जा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, पण गॅस्केटवर दाबच येत नाही, आणि आणखी जोर लावला तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

पंप निघत नसेल तर एखादा बोल्ट लपून राहिलाय का पाहा, मग रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. पंप आणि ब्लॉकच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. अल्युमिनियमवर पडलेला एक खोल ओरखडाही गळतीला वाट देतो. होज पाइप चिकटला असेल तर तो पिळून सोडवा. उचकटलात तर रेडिएटरचं तोंड तुटू शकतं.

बैठक साफ करण्याला अर्धा वेळ द्या

सगळ्या कामात मी सर्वात जास्त वेळ इथे घालवतो. माझा पहिला पंप तिसऱ्या दिवशी ठिबकायला लागला होता. उघडून पाहिलं तर सगळी बैठक चकचकीत, पण खालच्या बोल्टाच्या भोकाशी जुन्या कागदी गॅस्केटचा नखाएवढा पापुद्रा तसाच होता. रंगाने अगदी धातूसारखा, त्यामुळे डोळ्यांना दिसलाच नव्हता. बोट फिरवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून बैठक डोळ्यांनी नाही, नखाने तपासतो: नख आडवं-उभं फिरवायचं, जिथे अडेल तिथे पुन्हा घासायचं.

घासायला प्लास्टिकची पट्टी घ्या. ड्रिलला लावायची घासायची चकती अल्युमिनियमवर वापरू नका. तिने खळगे पडतात आणि तिची भुकटी आत जाऊन नव्या सीलला घासते. घासताना ब्लॉकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, आणि शेवटी ते आठवणीने काढा.

बोल्टांच्या भोकांतलं पाणीही टिपून घ्या. बंद भोकात पाणी राहिलं तर बोल्ट आत जाताना त्याला बाहेर पडायला जागा नसते. टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) आकडा बरोबर दाखवतो, पंप मात्र सैलच असतो.

आता सिलिकॉन. जास्त लावलं की जास्त पक्कं, असा समज आहे, आणि तो महागात पडतो. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं, साधारण तेवढंच आतही ओघळतं, तुकडे सुटतात आणि रेडिएटरच्या किंवा हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. रबराचा थर असलेलं धातूचं गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. ओ-रिंगला (गोल रबरी सीलला) थोडं कूलंट चोळा. ग्रीस किंवा ऑइल नको, कूलंटसाठी वापरलं जाणारं रबर त्याने फुगतं. मॅन्युअलमध्ये सिलिकॉन सांगितलं असेल तरच एक बारीक अखंड रेघ ओढा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. जे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत जातात, त्यांच्या आट्यांना मात्र सीलंट लागतं.

बसवण्याआधी जुना आणि नवा पंप शेजारी ठेवा. पंख्याची उंची, पात्यांची दिशा, भोकांची जागा, शाफ्टची लांबी, सगळं जुळलं पाहिजे. बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे दोन-तीन टप्प्यांत आवळा. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला बहुतेक वेळा 8 ते 10 न्यूटन-मीटरच लागतात, म्हणजे मनगटाचा जोर. आकडा मॅन्युअलमधून घ्या. अल्युमिनियममधले आटे एकदा गेले की दिवस गेला. बाहेरचा बेल्टही गरजेपेक्षा ताणू नका. त्याचा सगळा भार नव्या बेअरिंगवर येतो.

भरताना आणि हवा काढताना

जुनं कूलंट गढूळ किंवा तांबूस निघालं असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत सिस्टीम धुवा. गंजाचे कण सीलच्या गुळगुळीत पृष्ठभागांना घासत राहतात. नवं कूलंट भरताना रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगवेगळ्या जातीची असू शकतात आणि मिसळली तर गंजापासूनचं संरक्षण कमी होतं. मॅन्युअलमधला प्रकार पाहा. कूलंट घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं असेल तर नळाचं पाणी न घालता निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. अर्ध्या-अर्ध्याचं मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही.

कूलंट भरायच्या आधी ‘आवाज तरी ऐकू’ म्हणून इंजिन चालू करू नका. सील कूलंटनेच थंड आणि ओलं राहतं. कोरडं फिरलं तर काही सेकंदांत खराब होऊ शकतं.

हवा काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते अर्ध्यावर सोडू नका. जमलं तर गाडीचं तोंड थोडं चढावर घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कूलंट सावकाश ओता. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. कॅप कधी लावायची ते मॅन्युअलप्रमाणे ठरवा. मग इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडण्याची वाट पाहा. खालचा होज पाइप अचानक गरम झाला की तो उघडला असं समजा. फॅन एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. तापमानाचा काटा वर-खाली होतोय, हीटरमधून मध्येच गार हवा येतेय किंवा डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येतेय, तर हवा अजून आत आहे. काटा लाल पट्ट्याकडे जायला लागला तर इंजिन लगेच बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना पातळी पाहा. ती थोडी उतरलेली असेल, तेवढी भरा. त्या बारीक भोकापाशी टॉर्च मारा. नवं सील बसताना पहिल्या काही फेऱ्यांत तिथे किंचित ओल दिसू शकते. थेंब थांबत नसतील किंवा पातळी रोज उतरत असेल, तर पंप पुन्हा उघडावा लागेल, आणि तेव्हा गॅस्केटही नवंच घ्यावं लागेल.