टॉर्कफ्लाइट 727: पुढचा क्लच पॅक वाढवताना

1962 पासून क्रायस्लर, डॉज आणि प्लिमथच्या गाड्यांत बसलेला टॉर्कफ्लाइट 727 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मुळातच दणकट. 383, 440 आणि 426 हेमी (आकडे घन इंचांचे) या इंजिनांचा जोर त्याने सोसला आहे. म्हणून तो खोलल्यावर पुढच्या क्लचच्या प्लेट्स करपलेल्या दिसल्या, तर त्या संख्येने कमी पडल्या असं लगेच समजू नका. प्लेट करपते ती नीट दाबली न गेल्यामुळे. तेलाचा दाब कुठे गळाला हे न शोधता तीन प्लेट्सच्या पाच केल्या, तर पाचही जळतील.

आधी दुखणं नेमकं कुठल्या क्लचचं आहे ते ठरवा. पुढचा क्लच तिसऱ्या गिअरला आणि रिव्हर्सला धरतो, मागचा सगळ्या पुढच्या गिअर्सना. पहिला, दुसरा ठीक आणि तिसऱ्यात इंजिन नुसतंच घोंघावत असेल, तर संशय पुढच्यावर. रिव्हर्स चांगला पडतो म्हणून मात्र त्याला निर्दोष सोडू नका. रिव्हर्सला तेलाचा दाब कितीतरी जास्त असतो, त्यामुळे फाटकं सीलही तेवढ्यापुरतं निभावून जातं.

गिअरबॉक्स उतरवल्यावर पॅन आणि व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा उघडणारा-मिटणारा भाग) काढा. पंप ओढण्याआधी डाव्या बाजूचा किकडाउन बँडचा (ड्रमभोवतीच्या पट्ट्याचा) स्क्रू घट्ट आवळून ठेवा. बँडने पुढच्या क्लचचा ड्रम (प्लेट्स ज्यात बसतात ते भांडं) धरून ठेवला नाही, तर पंपासोबत तोही बाहेर येतो आणि मधले थ्रस्ट वॉशर कुठे, कसे होते ते कळत नाही. पंपाला दोन आटे पाडलेली भोकं आहेत, त्यांत स्लाइड हॅमर लावून दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. पेचकस घालून उचकटलात तर अॅल्युमिनियमचं केसिंग ओरखडतं. पंप निघाला की बँड सैल करून ड्रम काढा.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा. ड्रमच्या आतल्या बोअरमध्ये बोट फिरवा. रिअ‍ॅक्शन शाफ्टवरच्या दोन सील रिंगा जिथे घासतात तिथे नख अडकण्याइतकी खाच असेल, तर नव्या रिंगाही गळणार, ड्रम बदला. बुशिंग खाल्लं असेल तर ड्रम डुलतो आणि रिंगा पुन्हा झिजतात, म्हणून बुशिंगही बदला. ड्रमच्या भिंतीत एक बारीक चेंडू असतो, तो ड्रम हलवल्यावर खुळखुळला पाहिजे. क्लच सुटताना फिरत्या ड्रममधलं तेल त्या वाटेने निघून जातं. चेंडू गाळाने बसला की क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि गुपचूप जळतो.

मूळ गाड्यांत इंजिनप्रमाणे पुढच्या क्लचला तीन, चार किंवा पाच फ्रिक्शन प्लेट्स येत. जास्त प्लेट्स बसवायच्या तर ड्रमची खोली आणि पिस्टनची जाडी दोन्ही बघा. पाच प्लेट्सचं किट घेताना त्याबरोबर कुठला पिस्टन चालतो ते विचारून घ्या. फ्रिक्शन प्लेट्स बसवण्याआधी किमान तासभर स्वच्छ एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) भिजू द्या. स्टील प्लेट्स काचेवर ठेवून सपाट आहेत का बघा. निळे डाग पडलेली किंवा वाटीसारखी वाकलेली प्लेट परत वापरू नका.

रिटर्न स्प्रिंगांची संख्याही इंजिनागणिक वेगळी असते. कमी स्प्रिंगांनी तिसरा गिअर कडक पडतो हे खरं, पण फार कमी केल्या तर जास्त आरपीएमला फिरत्या ड्रममधलं तेलच पिस्टनला ढकलत राहतं आणि सुटलेला क्लच ओढायला लागतो.

पिस्टनची लिप सीलं बसवताना घाई नको. सीलला आणि ड्रमला व्हॅसलीन लावा, ग्रीस नाही. ग्रीस विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं. पिस्टन सरळ ठेवून हळूहळू फिरवत खाली न्या आणि सीलची कड कडेने पातळ, गुळगुळीत तारेने आत वळवत राहा. कड एकदा दुमडली की सील कापलं गेलं असंच समजा.

पिस्टनवर आधी स्टील, मग फ्रिक्शन, अशी आलटून पालटून प्लेट्स रचा. वर प्रेशर प्लेट आणि स्नॅप रिंग. पॅक खाली दाबून धरा आणि रिंग व प्रेशर प्लेट यांच्यात फीलर गेज तीन ठिकाणी घाला. प्रत्येक फ्रिक्शनमागे 10 ते 15 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण 0.25 ते 0.4 मिमी मोकळीक ठेवा. पाच प्लेट्सना 50 ते 75 थाऊ झाले. गॅप कमी राहिला तर प्लेट्स सुटल्यावरही घासतात. जास्त राहिला तर पिस्टनला लांब जावं लागतं, गिअर उशिरा पडतो. मागच्या क्लचला 25 ते 45 थाऊ हवेत. तिथे वेगवेगळ्या जाडीच्या स्नॅप रिंगा मिळतात.

बांधणी झाल्यावर व्हॉल्व्ह बॉडी बसवण्याआधी केसिंगमधल्या क्लचच्या भोकांतून 2 बार कोरडी हवा द्या. 'ठप्प' असा एकच भरीव आवाज आला पाहिजे. नुसती फुसफुस ऐकू आली तर परत खोला, गाडीखाली झोपून खोलण्यापेक्षा आत्ताच बरं. इनपुट शाफ्टचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) डायल गेजवर 0.9 ते 2.1 मिमी यायला हवा.

व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट 100 इंच-पाउंड, पॅनचे 150. दोन्ही बँड 72 इंच-पाउंडाला आवळून मागे फिरवायचे: मागचा 2 फेरे, किकडाउन वर्षाप्रमाणे 2 किंवा 2.5. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नवा घ्या किंवा आतून धुऊन घ्या, कारण जुन्या क्लचची धूळ त्यातच साठलेली असते. ऑइल कूलरच्या नळ्याही तशाच धुवा. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला का ते बेलहाउसिंगवर सरळपट्टी टेकवून बघा. बोल्टची जागा पट्टीपासून निदान चार सूत (अर्धा इंच) आत हवी. न बसता बोल्ट ओढले तर पंपाचा गिअर फुटतो.

थ्रॉटलची दांडी जोडल्याशिवाय गाडी गल्लीतसुद्धा फिरवू नका. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गिअरबॉक्सवरचा लिव्हर शेवटपर्यंत मागे गेलाच पाहिजे. ती दांडी दाब वाढवते. ती सुटली तर नवा पॅक काही दिवसांत करपतो. तेलाच्या दाबाचं गेज लावून, गिअर लिव्हर 1 वर ठेवून 1000 आरपीएमला 54 ते 60 पीएसआय येतात का आणि दांडी पूर्ण मागे नेल्यावर 90 ते 96 होतात का ते पाहा.

जुन्या 727 मध्ये पार्कवर कन्व्हर्टरला तेल जात नाही, म्हणून तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्येच मोजा. शर्यतीला जास्त आरपीएमवर धावणारी गाडी असेल तर मागच्या ओव्हररनिंग क्लचची (एकाच दिशेने धरणाऱ्या क्लचची) बाहेरची रेस बोल्टने पक्की करून घ्या. पहिल्या गिअरमध्ये तो तुटला तर पुढचा ड्रम इंजिनच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरतो आणि फुटू शकतो, त्याचे तुकडे केसिंग फोडून पायाशी येतात.

800 किमीनंतर पॅन उघडा. तळाशी काळसर बारीक धूळ चालते. चकचकीत पितळी कण दिसले तर बुशिंग खातंय, आणि त्यामागोमाग क्लच जातो.