अंदमानात अमूर्त फोटो काढताय? या चुका टाळा

अमूर्त म्हणजे धूसर, हा समज आधी सोडा. कॅमेरा हलवून झाडांचे हिरवे पट्टे ओढायचे, तर त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. बेटावर आकार आयते पडलेले असतात, ते नेमके आणि स्वच्छ टिपायचे.

हॅवलॉकच्या (आताचं स्वराज द्वीप) किनाऱ्यांवर ओहोटीला नखाएवढे खेकडे बिळांतून बाहेर येतात. ओली वाळू तोंडाने चाळून खाण्याजोगं तेवढं घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या मागे टाकत जातात. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा उमलत जातात. मला याहून सुंदर नक्षी माहीत नाही. पण बहुतेकांना ती मिळत नाही, कारण ते सूर्यास्ताची वेळ पाहून येतात, ओहोटीची नाही. भरतीची पहिली लाट सगळं पुसून टाकते. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही. भर दुपारीही जाऊ नका. तिरप्या उन्हाशिवाय गोळ्यांना सावली नाही आणि सावलीशिवाय उठाव नाही.

नक्षी सापडली तरी फोटोत ‘समुद्रकिनारा’च दिसतो? मग क्षितिज, आकाश, नारळाची झावळी चौकटीतून काढा. कॅमेरा वाळूला समांतर धरा, नाहीतर कडा अस्पष्ट येतात. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवा. पांढरी वाळू राखाडी आली तर एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवा, म्हणजे प्रकाश दुप्पट. पाऊल मात्र नक्षीवर टाकू नका, खेकडे तिथेच जेवत असतात.

परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी पुरे. ३० सेकंदांत फक्त धुकं उरतं. पाण्यातल्या प्रतिबिंबांचे रंग नाहीसे झाले तर पोलरायझर (लेन्सवरचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवा किंवा काढा; प्रतिबिंबं तोच खातो. ओल्या पानांवर मात्र तो हवाच, चकाकी गेली की शिरा दिसतात.

एसी खोलीतून बाहेर पडताच लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेत राहू द्या.

आणि रचना ‘सुधारायला’ प्रवाळाचे तुकडे हलवू नका. प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तुकडा नको तिथे पडला असेल तर स्वतः दोन पावलं सरका.