मोठ्या आकाराच्या छपाईचे सॉफ्टवेअर वापरताना या चुका टाळा

मोठ्या आकाराच्या छपाईत काही बिघडले की पहिला संशय यंत्रावर जातो. छापलेल्या फोटोतील चेहरे लालसर दिसले की हेड क्लीनिंगचा (शाई फवारणाऱ्या हेडच्या सफाईचा) आदेश दिला जातो, तेवढ्याने भागले नाही तर पुन्हा दिला जातो, आणि बरीच शाई टाकाऊ शाईच्या टाकीत गेल्यानंतरही चेहरे लालसरच राहतात. कारण दोष हेडमध्ये नसतोच, तो छपाईच्या खिडकीत चुकून चालू राहिलेल्या एखाद्या पर्यायात असतो. फाइल, डिझाइनचे सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा रिप, आणि शेवटी यंत्र अशी ही साखळी आहे. रिप म्हणजे रास्टर इमेज प्रोसेसर, म्हणजे फाइलमधील अक्षरे, रेषा आणि फोटो यांचे यंत्राला समजणाऱ्या शाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. दोष कागदावर दिसतो तो साखळीच्या शेवटच्या टोकाला, पण तो कोणत्या कडीत शिरला हे शोधल्याशिवाय केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे ठरते.

म्हणून सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी बदलून पाहणे. प्रोफाइल (त्या कागदावर त्या शाईने रंग कसे उमटतात याचे वर्णन करणारी फाइल) बदलले, पासची संख्या (एकाच पट्ट्यावरून हेड किती वेळा फिरते ती) वाढवली, फोटो थोडा उजळ केला, हेडही साफ केले, आणि प्रिंट सुधारली. तरी पुढच्या वेळी काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही. तपासणीचा क्रम ठरलेला असावा. प्रथम यंत्राच्या स्वतःच्या पॅनेलवरून नोझल चेक (शाईची सर्व छिद्रे चालू आहेत की नाही हे दाखवणारा नमुना) छापावा, कारण त्यात संगणकाचा काहीही संबंध नसतो. तो स्वच्छ आला तर पूर्वी चांगली छापली गेलेली एक ठरावीक चाचणी-प्रतिमा रिपमधून पाठवावी. तीही पूर्वीसारखीच आली तर दोष बहुधा नव्या फाइलमध्ये किंवा ती पाठवतानाच्या पर्यायांत आहे आणि यंत्राला हात लावण्याची गरज नाही. या चाचणी-प्रतिमेत करड्या रंगाची फिक्यापासून गडदपर्यंतची पट्टी, दोन-तीन त्वचावर्ण, बारीक काळी अक्षरे आणि कोरी पांढरी जागा एवढे असले तरी पुरते. प्रत्येक माध्यमावर (ज्यावर छापायचे त्या कागदावर किंवा इतर साहित्यावर) तिची एक लहान प्रत छापून, तारीख घालून, अंधाऱ्या कप्प्यात ठेवावी. वादाच्या वेळी हा कागद जितका उपयोगी पडतो तितके दुसरे काही पडत नाही.

उभारणीतल्या चुका

संगणकाला यंत्र जोडताच ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःहून एखादा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते आणि पहिली प्रिंट निघते, त्यामुळे काम झाले असे वाटते. मॅकवर हेच यंत्र एअरप्रिंटच्या नावाने जोडले जाते. अशा ड्रायव्हरमध्ये रोलची लांबी, माध्यमांची यादी आणि रंगव्यवस्थापनाचे पर्याय अपुरे असतात किंवा दिसतच नाहीत. ‘नो कलर ॲडजस्टमेंट’सारखा (ड्रायव्हरला रंग बदलू नको असे सांगणारा) पर्याय सापडत नसेल तर तो शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी ड्रायव्हर कोणता बसला आहे ते आधी पाहावे, आणि उत्पादकाचा ड्रायव्हर बसवून यंत्र नव्याने जोडावे.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. यंत्राला आयपी पत्ता राउटरकडून आपोआप मिळत असेल तर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो, आणि रिप मात्र जुन्याच पत्त्यावर कामे पाठवत राहते. रांगेत कामे साचतात, त्रुटीचा धड संदेशही येत नाही. यंत्राला स्थिर पत्ता द्यावा आणि जोडणी शक्यतो केबलनेच करावी. संगणकाची झोपेची वेळ बंद ठेवावी. रिपची परवाना-चावी यूएसबीवर असेल तर ती सैल हबमध्ये न लावता थेट संगणकात लावावी. परवाना ऑनलाइन असेल तर संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी तो निष्क्रिय करून घ्यावा, आणि त्याच बैठकीत माध्यमांच्या सर्व सेटिंग्जची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी. कित्येक महिन्यांत जमवलेली प्रोफाइले एका दुपारच्या ‘स्वच्छ’ पुनर्स्थापनेत नाहीशी झालेली मी पाहिली आहेत.

डिस्कची जागा हा विषय किरकोळ वाटतो, म्हणून थोडा हिशेब करू. ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच प्रतिमा १५० पीपीआयला (दर इंचाला १५० पिक्सेल) घेतली तर ती सुमारे २९,५०० गुणिले १७,७०० पिक्सेलची होते. चार शाईरंगांत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले की एका प्रतीलाच २ जीबीहून थोडी अधिक जागा लागते. तीच प्रतिमा ३०० पीपीआयला केली तर चौपट. रिप अशा तात्पुरत्या फाइली स्पूलच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि ते फोल्डर जवळजवळ भरलेल्या सी ड्राइव्हवर असले की काम अर्ध्यात थांबते. स्पूल वेगळ्या, वेगवान डिस्कवर न्यावे आणि त्या फोल्डरला अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावे. हॉट फोल्डर (ज्यात टाकलेली फाइल रिप आपोआप उचलते असे फोल्डर) वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: मोठी फाइल नेटवर्कवरून थेट त्यात कॉपी केली तर ती पूर्ण उतरण्याआधीच रिप तिला उचलू शकते आणि फाइल सदोष असल्याचे सांगते. फाइल आधी त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवावी आणि मग हॉट फोल्डरमध्ये हलवावी.

रंग: दोनदा केलेले आणि अजिबात न केलेले

प्रारंभी उल्लेखलेल्या लालसर चेहऱ्यांचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे दुहेरी रंगव्यवस्थापन. फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून कागदाचे प्रोफाइल दिले, म्हणजे रंगांचे रूपांतर तेथेच झाले; त्यानंतर ड्रायव्हरमधील रंगसुधारणा चालूच राहिली तर झालेल्या रूपांतरावर दुसरे रूपांतर चढते आणि प्रतिमेवर बहुधा किरमिजी छटा येते. उलट दोन्ही ठिकाणी व्यवस्थापन बंद असेल तर प्रिंट मळकट, निर्जीव उतरते. रूपांतर एकाच जागी व्हावे, आणि ती जागा कोणती हे कामाच्या ठिकाणी सर्वांना ठाऊक असावे. रिप असेल तर ती जागा रिपच असावी असे माझे मत आहे. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून फोटो त्याच्या मूळ आरजीबी (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगांच्या) प्रोफाइलसह पाठवावा. घाईने सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईरंगांत) बदललेल्या फोटोत यंत्राला छापता येणारे कित्येक गडद हिरवे आणि नारिंगी रंग आधीच छाटले गेलेले असतात, आणि एकदा गेलेले ते रंग रिपला परत आणता येत नाहीत.

प्रोफाइल जोडलेले असणे पुरेसे नाही, ते वाचले गेले पाहिजे. रिपमध्ये ‘फाइलमधील प्रोफाइल वापरा’ अशा अर्थाचा पर्याय बंद असेल तर ॲडोबी आरजीबी या अधिक रंग सामावणाऱ्या रंगव्यवस्थेतील फोटो एसआरजीबी या त्याहून लहान रंगव्यवस्थेतला समजून घेतला जातो आणि फिका पडतो. प्रोफाइल नसलेल्या फाइलसाठी रिपने काय गृहीत धरावे हेही ठरवून ठेवावे. बहुतेक वेळा एसआरजीबी हेच उत्तर योग्य असते.

एक प्रसंग सांगतो. पांढऱ्या पार्श्वभूमीचे काही फलक छापले होते आणि भिंतीवर लावल्यावर पांढरा भाग कागदाच्या कोऱ्या कडेपेक्षा किंचित पिवळसर दिसत होता. शाई सांडली असेल, कागद जुना असेल, अशा शंका काढून झाल्या. शेवटी भिंग लावून पाहिले, तेव्हा कोऱ्या असायला हव्या त्या जागेत पिवळ्या शाईचे तुरळक, पण अगदी नियमित अंतरावरचे ठिपके दिसले. सांडलेली शाई इतकी शिस्तशीर नसते. रेंडरिंग इंटेंट (रंगांचे रूपांतर कोणत्या पद्धतीने करायचे तो पर्याय) ‘ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक’वर राहिले होते, आणि त्या पर्यायात सॉफ्टवेअर मूळ प्रतिमेच्या पांढऱ्याशी कागदाचा पांढरा जुळवू पाहते, कागद निळसर चमकदार पांढरा असल्यामुळे ते त्यात पिवळी शाई मिसळत होते. हा पर्याय दुसऱ्या छपाईची नक्कल करून पाहण्यासाठी आहे. नेहमीच्या फोटोंना ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’, त्यासोबत ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (मूळ काळा कागदावरील सर्वांत गडद काळ्याशी जुळवणे), किंवा ‘परसेप्च्युअल’ निवडावे.

प्रोफाइल आणि कॅलिब्रेशन या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक अनुभवी लोकही करतात. कॅलिब्रेशन यंत्राला ठरलेल्या स्थितीत आणते: प्रत्येक शाई किती पडावी, एकूण मर्यादा किती, आणि २०, ४०, ६० टक्क्यांच्या छटा प्रमाणात येतात की नाही. प्रोफाइल त्या स्थितीचे वर्णन करते. ७२० डीपीआय (दर इंचाला ७२० ठिपके) आणि ८ पासला बनवलेले प्रोफाइल ४ पासला वापरले, किंवा ते बनवल्यानंतर शाईची मर्यादा बदलली, तर वर्णन एका स्थितीचे आणि छपाई दुसऱ्याच स्थितीची होते. दुसऱ्या कागदाचे प्रोफाइल ‘जवळपास सारखाच आहे’ म्हणून वापरण्याचेही हेच. शाई कागदावर थबथबली, अक्षरांच्या कडा पसरल्या, प्रिंट हाताला चिकट लागली, तर बहुधा त्या माध्यमाला झेपणार नाही इतकी शाई पडत असते. तेथे फोटो उजळ करणे हा उपाय नव्हे.

काळ्या रंगाबद्दल थोडक्यात. केवळ १०० टक्के काळी शाई मोठ्या पृष्ठभागावर करडी दिसते, चारही शाया प्रत्येकी १०० टक्के दिल्या तर ४०० टक्के शाईने माध्यम भिजते, आणि फोटोचा काळा व पार्श्वभूमीचा काळा वेगळ्या घटकांचे असले तर पडद्यावर न दिसणारी चौकट प्रिंटवर फोटोभोवती उमटते. दोन्ही काळे एकाच घटकांचे ठेवावेत.

आकार आणि रिझोल्यूशन

‘३०० डीपीआयच हवे’ हा आग्रह हातात धरून वाचायच्या पानासाठी ठीक आहे. सामान्य दृष्टी सुमारे एका आर्कमिनिटाएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) तपशील वेगळा ओळखते. त्यावरून हिशेब केला तर अर्ध्या मीटरवरून सुमारे १७५, एका मीटरवरून ८७ आणि तीन मीटरवरून अवघे २९ पीपीआय पुरतात. अर्थात कोणी ना कोणी जवळ येऊन पाहतोच, म्हणून याच्या थोडे वर राहावे. ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा फोटो ६० गुणिले ४० इंचांवर १०० पीपीआय देतो आणि भिंतीवरच्या चित्राला तो उत्तम चालतो. त्यालाच ताणून ३०० केल्याने नवा तपशील येत नाही, फक्त फाइल नऊपट होते. यंत्राचे ७२० डीपीआय म्हणजे ठिपक्यांची घनता. प्रतिमेच्या पिक्सेलशी तिची गल्लत करू नये.

खूप मोठे काम १:१० प्रमाणात करण्याची पद्धत आहे आणि तिला कारण आहे. फोटोशॉपची पीएसडी फाइल एका बाजूस ३०,००० पिक्सेलपर्यंतच जाते, पुढे पीएसबी लागते. जुन्या पद्धतीच्या पीडीएफ पानाची मर्यादा २०० इंच, म्हणजे ५.०८ मीटर आहे. पण ६ मीटरचा बॅनर ६० सेंटीमीटरमध्ये बनवताना फोटो ‘३०० पीपीआय आहे ना’ म्हणून समाधान मानले, तर रिपने १००० टक्के मोठा केल्यावर उरतात ३०. शेवटी ७२ हवे असतील तर लहान फाइलमध्ये ७२० हवे. फाइलच्या नावातच प्रमाण आणि अंतिम माप लिहिण्याची सवय लावावी.

पडद्यावर दिसते ते प्रिंटवर नाही

पांढरी अक्षरे गायब झाली की नवा माणूस फाँटला दोष देतो. अक्षरे आधी काळी होती, त्यांना ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापण्याचा पर्याय) लावले होते, नंतर रंग पांढरा केला आणि ओव्हरप्रिंट तसेच राहिले, असे बहुधा घडलेले असते. पांढऱ्याचा ओव्हरप्रिंट म्हणजे काहीच न छापणे. पीडीएफ उघडून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केला की हे क्षणात दिसते. सावल्या आणि पारदर्शक थरांभोवती चौकोन उमटत असतील तर फाइल पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक प्रकार) म्हणून काढून पाहावी, कारण त्यात पारदर्शकता जिवंत राहते. मात्र जुन्या रिपला ती झेपत नसेल तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच थर सपाट करावे लागतात. कटिंगची रेषा छापली जाते पण कापली जात नाही, याचे कारण नाव. त्या रेषेला दिलेल्या स्पॉट रंगाचे (स्वतंत्र नाव असलेल्या रंगाचे) नाव रिपला अपेक्षित असलेल्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. एखादी जास्तीची मोकळी जागाही चालत नाही.

पट्टे आणि थांबे

रुंदीभर आडवे पट्टे दिसले तर ते कसले आहेत ते पाहावे. सर्व रंगांत फिकट रेषा असतील तर माध्यम दर पासला गरजेपेक्षा जास्त सरकते आहे. गडद रेषा असतील तर कमी सरकते आहे. रिपमधील किंवा यंत्रातील फीडची दुरुस्ती हाच त्यावर इलाज, आणि भरलेला रोल व संपत आलेला रोल यांत वजनामुळे फरक पडतो, म्हणून नवा रोल चढवल्यावर ती पुन्हा तपासावी. रेषा एकाच रंगात असतील तरच नोझल साफ करावे.

पट्टा मात्र अनियमित अंतरावर येत असेल तर यंत्राजवळ उभे राहून ऐकावे. हेड कडेला जाऊन क्षणभर थांबते, मग पुन्हा निघते. त्या थांब्यात आधीची ओळ वाळते आणि तेथे वेगळ्या छटेचा पट्टा राहतो. यंत्राला माहिती वेळेवर पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘रिप होत असतानाच छापा’ हा पर्याय काढून पूर्ण रिप झाल्यावर छापायला लावावे, आणि वायफाय असेल तर केबल लावावी.

तुकड्यांत छापायच्या कामात शेजारचे दोन तुकडे जुळत नाहीत ही तक्रार असते. हेडच्या वाटेच्या डाव्या आणि उजव्या टोकाला छटेत सूक्ष्म फरक पडू शकतो, आणि जोडावर नेमकी हीच दोन टोके शेजारी येतात. रिपमध्ये एकाआड एक तुकडा १८० अंशांत फिरवून छापला की जोडावर एकाच बाजूच्या कडा भेटतात. सर्व तुकडे एकाच रोलवर, एकाच बैठकीत छापावेत, १ ते २ सेंटीमीटरचा ओव्हरलॅप द्यावा, आणि तुकड्यांचे क्रमांक कडेला छापण्याचा पर्याय चालू ठेवावा, कारण फिरवलेले तुकडे जमिनीवर पसरले की कोणता कोणत्या बाजूचा हे ओळखणे कठीण जाते.